परिपत्रकवाले आप्पा

सरकारी आरोग्यखात्यात काही बदललं की ते आधी मंत्रालयाला कळतं, मग आप्पांना, आणि त्यानंतर यथावकाश तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. लोक पहाटे उठून व्हॉट्सॲपवर सुविचार आणि गुलाबाची फुलं पाठवतात. आप्पा शासननिर्णय पाठवतात. पीडीएफच्या खाली त्यांची स्वतःची एकच ओळ असते : 'पान ३, मुद्दा ७ नीट वाचावा.' मुद्दा सातमध्ये काय आहे आणि त्याचं आपल्याला काय, हे ते लिहीत नाहीत. ते जाणून घ्यायचं तर आप्पांना बोलवावं लागतं. बोलवलं की ते येतात, चहा पितात आणि म्हणतात, "सातव्या मुद्द्यात काही नाही हो. खरी गोम प्रस्तावनेत आहे."

असा गृहस्थ बहुधा प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो. कुठे त्याला नाना म्हणतात, कुठे तात्या, कुठे नुसतंच 'सर'. आमच्या मराठवाड्यातल्या तालुक्याच्या वाट्याला आले ते आप्पा. पांढरा हाफ शर्ट, पायांत चपला, हातात पल्स पोलिओच्या कुठल्याशा प्रशिक्षणात मिळालेली रेक्झिनची बॅग. वरच्या खिशात दोन पेनं : एक निळं, एक हिरवं. हिरव्या शाईचा मान राजपत्रित अधिकाऱ्यांचा. आप्पा उभ्या नोकरीत राजपत्रित झाले नाहीत. पण ऐन वेळी एखाद्या साहेबांचं पेन बंद पडलं म्हणून फाइल अडू नये, एवढ्यासाठी ते हिरवं पेन बाळगतात, आणि निवृत्तीनंतरही त्याची रिफिल बदलतात.

बॅगेत काय नसतं? टाचण्या, स्टॅम्पपॅड, रेव्हेन्यू स्टॅम्प, कोऱ्या तावांची घडी, आणि खाली दडपलेली परिपत्रकं. यातली कित्येक खुद्द खात्याकडे उरलेली नाहीत. कार्यालय नव्या इमारतीत गेलं तेव्हा जुनी कपाटं जिन्याखाली राहिली आणि एका पावसाळ्यात त्यांचा लगदा झाला. तेव्हापासून नवे वैद्यकीय अधिकारीसुद्धा गुपचूप आप्पांना फोन करतात : "आप्पा, ते वाहनभाड्याचं पत्र आहे का हो तुमच्याकडे?" आप्पांकडे ते असतं. ते लगेच देत नाहीत. "बघतो," म्हणतात आणि संध्याकाळी देतात. लगेच दिलं तर पत्राची किंमत राहत नाही, असं त्यांचं मत आहे.

खात्यात लागले तेव्हा आप्पा मलेरियाचे. घरोघर हिंडायचं, तापाच्या माणसाचं बोट टोचायचं, काचपट्टीवर रक्त घ्यायचं आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारीख टाकायची. पुढे वेगवेगळे रोग एकत्र केले गेले आणि आप्पा एका आदेशासरशी 'बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी' झाले. काल एकच उद्देश होता, आज बरेच झाले, पगार तोच. बदलाशी जुळवून घेण्याचा हा त्यांचा पहिला अनुभव. तो त्यांनी इतक्या सहज पचवला की पुढे कुठल्याच बदलाचं त्यांना काही वाटेनासं झालं. अठ्ठावन्न पुरी झाल्यावर आरोग्य पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. निरोपसमारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला भेट देऊन टाकलं, कारण तिथलं बंद होतं आणि दुरुस्तीला तरतूद नव्हती.

गंमत अशी, की ज्या स्वयंसेवी संस्थांना आज ते मार्ग दाखवतात, त्यांच्याशी त्यांची ओळख झाली ती टेबलाच्या पलीकडून. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि २००७ पासून महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. मग ती आणखी जिल्ह्यांत पसरली. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राला गुण द्यायचे, आणि मग जनसुनवाई : मांडव, सतरंजी, माईक, समोर डॉक्टर, आणि संस्थेच्या ताया कागद फडकावत विचारतायत, "सापाच्या विषाची लस का नव्हती?" डॉक्टरांच्या खुर्चीमागे आप्पा उभे असत. ते पुढे वाकून साहेबांच्या कानात उत्तर सांगत आणि साहेब ते माईकवर म्हणत : "मागणी केलेली आहे." मागणीपत्र खरोखरच केलेलं असे. त्यावरची तारीख बहुतेक वेळा आदल्या दिवशीची असे.

त्याच ताया आता आप्पांना घ्यायला एसटी स्टँडवर येतात. प्रवासही स्वस्तात पडतो. ज्येष्ठ नागरिक म्हणून आप्पांना अर्धं तिकीट, महिला म्हणून ताईंना अर्धं, आणि व्हाउचरवर दोघं मिळून एक माणूस.

संस्थांना आप्पांची गरज का पडली, हे जरा सांगायला हवं. आमच्याकडच्या संस्था म्हणजे नावात 'बहुउद्देशीय', 'ग्रामीण' आणि 'विकास' हे तिन्ही शब्द असलेल्या, दोन खोल्यांतून चालणाऱ्या, ऐंशी-नव्वदच्या दशकात कुणा तळमळीच्या माणसानं काढलेल्या. त्या काळी गावात सरकारी आरोग्यसेवा म्हणजे कुलूप. जे करायचं ते संस्थेनं. बाळंतिणीला तालुक्याला न्यायला संस्थेची गाडी, तापाच्या गोळ्या संस्थेच्या डब्यात, गावातलीच एक बाई शिकवून तयार केलेली. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळाची काळजी घरात घेता येते, हे सिद्ध केलं. पुढे सरकारनं गावोगाव आशा नेमल्या आणि २०११ पासून बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाणं हे त्यांचं कामच झालं. मोठ्या संस्थांचा तो गौरव झाला. छोट्या संस्थांची मात्र पंचाईत झाली. आपण जे करत होतो ते आता सरकारच करतंय, मग आपण काय करायचं?

२०१४ साली १०८ची रुग्णवाहिका रस्त्यावर आली तेव्हा आमच्या एका संस्थेच्या अध्यक्षांना भडभडून आलं होतं. त्यांची ओम्नी दारात उभी. "आप्पा, आमची सेवा संपली." आप्पांनी ओम्नीभोवती एक चक्कर मारली, टायर दाबून पाहिलं. "१०८ दवाखान्यात नेती. परत कोण आणतंय?" अध्यक्षांना सुचेना. "ऑपरेशन झालेली बाई टाके सांभाळत टमटममधून येती, अध्यक्षसाहेब. तुमची गाडी उलट्या दिशेनं फिरवा." गाडी उलट्या दिशेनं फिरू लागली. प्रकल्प-प्रस्तावात त्याला आप्पांनी 'डिस्चार्जोत्तर पाठपुरावा वाहन' असं भारदस्त नाव दिलं, कारण 'परत आणणे' या शीर्षाखाली कोणी पैसे देत नाही.

संस्थांना बदलाशी जुळवून घ्यायला शिकवण्याच्या या कामाला आता मोठ्या शहरांत एक व्यवसाय म्हणतात. त्या व्यवसायातली माणसं आमच्याकडेही येतात. एसी गाडीतून उतरतात, हॉलची खिडकी बंद करायला सांगतात, आणि आधी सगळ्यांना गोलात उभं करून स्वतःला एखाद्या प्राण्याची उपमा द्यायला लावतात. शेजारच्या तालुक्यातून आलेल्या एका सत्तरीच्या गांधीवादी कार्यकर्त्यांना अशा एका कार्यशाळेत जिराफ व्हावं लागलं होतं. मग रंगीत कार्डं, मग भिंतीवर चिकटपट्ट्या, मग पडद्यावर एकातून एक निघणारी वर्तुळं. सर्वांत आतल्या वर्तुळात समुदाय असतो आणि बाण मात्र सगळे बाहेरच्या वर्तुळातून येतात. आप्पा अशा कार्यशाळेला हमखास असतात. शेवटच्या रांगेत बसतात, फोल्डर आणि पेन घेतात, जेवण मनापासून जेवतात. शंकासमाधानाला हात वर करतात आणि त्यांचा ठरलेला प्रश्न विचारतात : "सगळं समजलं साहेब. फक्त सही कोणाची?"

पाहुणे हसतात. त्यांना वाटतं म्हातारा विनोद करतोय.

पण आप्पांचं अवघं शास्त्र या प्रश्नात आहे. कुठलाही बदल आला की ते विचारतात, यात सही बदलली का? नसेल तर तो बदल नव्हे, रंगकाम. उदाहरणार्थ, आमच्या वस्तीचं उपकेंद्र. २०१८ नंतर त्याच्यावर 'आरोग्यवर्धिनी केंद्र' अशी पाटी आली, आणि २०२३ अखेरीस 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असं नाव द्यायचं ठरलं. संस्थांमध्ये खळबळ. आपली पत्रकं, आपले तक्ते, आपलं लेटरहेड, सगळ्यात जुनं नाव! आप्पा म्हणाले, "राहू द्या. पेंटरला मजुरी मिळाली, एवढंच झालं." पण त्याच उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी नावाचं नवीन पद आलं, बीपी-शुगर तपासणारं, गोळ्या देणारं, तेव्हा आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे घेऊन हजर. त्या नव्या मॅडमना म्हणाले, "तुमच्या गावांची यादी द्या, शेतावर वस्ती करून राहणारे म्हातारे कुठे कुठे आहेत ते या पोरी दाखवतील." संस्थेच्या मुलींनी त्या दिवसापासून स्वतः बीपी मोजायचं बंद केलं आणि म्हातारे मॅडमपर्यंत पोचवायला सुरुवात केली. जुन्या अध्यक्षांना हे उतरणीला लागल्यासारखं वाटलं. आप्पांचा हिशेब सरळ होता : यंत्र कोणाचं का असेना, गोळी ज्याच्या सहीनं मिळते त्याच्या दारात माणूस गेला पाहिजे.

या शास्त्राची सर्वांत मोठी परीक्षा झाली ती जिल्हा रुग्णालयाच्या वेळी. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी जुनं जिल्हा रुग्णालय नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलं गेलं. इमारत तीच, खाटा त्याच, जिन्यातल्या पानाच्या पिचकाऱ्या त्याच. पण खातं दुसरं. काल ते सार्वजनिक आरोग्य विभागाचं होतं, आज वैद्यकीय शिक्षणाचं. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या जागी अधिष्ठाता. पेशंटला यातलं काही कळत नाही, त्याला कळतं ते खिडकीवर. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. पण हा निर्णय आरोग्य विभागाच्या दवाखान्यांपुरता. रुग्णालय ज्या दिवशी खातं बदलतं, त्या दिवशी पेशंट त्याच खिडकीत उभा राहून दुसऱ्या कायद्याखाली येतो.

आमच्या एका संस्थेनं अशाच एका रुग्णालयात मदतकक्ष चालवला होता. एक टेबल, दोन खुर्च्या, एक ताई : केसपेपर कुठे काढायचा, सोनोग्राफी कुठे, महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्र कुठल्या खोलीत बसतो आणि कुठल्या वेळी बसत नाही, हे सांगणारी. एका सोमवारी टेबल व्हरांड्याबाहेर सायकलस्टँडमध्ये आढळलं. ताई चिडल्या. त्या मूळच्या मोर्चेवाल्या. बॅनरची ऑर्डर देऊन मोकळ्या झाल्या होत्या. आप्पा म्हणाले, "परवानगी कोणाच्या सहीची होती?" जिल्हा शल्यचिकित्सकांच्या. "मग ते टेबल बेवारशीच झालं की ताई. डीनसाहेबांनी काढलं नाही, त्यांना ते कोणाचं आहे हेच माहीत नाही." आप्पांनी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना गाठलं, नवं पत्र, नवा करार, जुन्या पत्रांचा संदर्भ क्रमांकासह. ताईंनी तरीही मोर्चा काढला. टेबल परत आत आलं. ते पत्रानं आलं की मोर्चानं, यावर दोघांचं आजतागायत एकमत नाही. रुग्णालयातले शिपाई म्हणतात, पावसात सायकलस्टँडमध्ये पाणी साचायला लागलं म्हणून.

संस्थांच्या घरच्या कागदांबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण तो प्रदेश दुःखाचा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी निधीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. मोठ्या संस्थेला मिळालेला परदेशी पैसा तिनं छोट्या संस्थेला पुढे द्यायची वाट बंद झाली, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. पुण्या-मुंबईच्या थोरल्या संस्थेच्या आधारानं चालणाऱ्या आमच्या धाकट्या संस्था एका रात्रीत पोरक्या झाल्या. उरला कंपन्यांचा सीएसआर. त्यासाठी एप्रिल २०२१ पासून केंद्राकडे सीएसआर-१ नावाचा फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो, शिवाय नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद, आयकराची नव्यानं नोंदणी. आप्पा लॅपटॉप चालवणाऱ्या पोराशेजारी बसले आणि म्हणाले, "धर्मादायकडचं परिशिष्ट काढा. विश्वस्त किती?"

"सात."

"हयात किती?"

पोरगं अध्यक्षांकडे बघू लागलं. अध्यक्ष भिंतीवरच्या हारवाल्या फोटोंकडे बघू लागले. तीन. त्या फोटोंतले एक खजिनदार.

"मागल्या साली बँकेच्या ठरावाला अनुमोदन कोणाचं आहे?"

कोणी बोलेना. अनुमोदन हारवाल्या खजिनदारांचं होतं.

आप्पांनी चष्मा काढून पुसला. "अध्यक्षसाहेब, वारलेल्या माणसाची सही चालायची असा एक काळ होता. मी स्वतः पाहिलाय. आता आधार आलंय." विश्वस्तांतला बदल नव्वद दिवसांत कळवायचा असतो. यांचा पहिला बदल वैकुंठाला जाऊन बारा वर्षं झाली होती. विलंबमाफीचा अर्ज आप्पांनी असा लिहिला, की वाचणाऱ्याला वाटावं संस्था इतकी वर्षं शोकात बुडालेली होती.

आप्पा खरे खुलतात ते टीबीत. टीबी हा त्यांचा मुलुख. या कार्यक्रमात जितके बदल झाले तितके दुसरीकडे क्वचितच झाले असतील, आणि त्यातले काही अस्सल. पूर्वी डॉट्सची गोळी आठवड्यातून तीनदा, आणि ती कुणाच्या तरी समोर बसून गिळायची. आमच्या संस्थांचे स्वयंसेवक हे 'कुणीतरी' असत. २०१७ साली रोजचा डोस आला. गोळ्यांची पाकिटं पेशंटच्या घरी गेली. २०२० साली कार्यक्रमाचं नाव बदललं : आधी क्षयरोग 'नियंत्रण' होतं, ते 'दूरीकरण' झालं. (आप्पांनी यावर एक बोट हलवलं. रंगकाम.) स्वयंसेवक म्हणाले, आता आम्हाला काम उरलं नाही. गोळी तर त्याच्या घरात आहे.

"गोळी घरात हाय," आप्पा म्हणाले, "माणूस कुठाय?"

माणूस कारखान्यावर होता. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की गावं अर्धी रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात, जिथे कारखाना नेईल तिथे जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. टीबीचा साधा उपचार सहा महिन्यांचा, तोडणीचा हंगामही जवळजवळ तेवढाच. ज्यानं हा रोग बनवला त्यानं मुकादमाशी बोलून बनवला असावा. नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांच्या नावावर मुकादमाची उचल. त्यातला एक खोकत असला तरी कोयता मोडत नाही.

टीबीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर पेशंट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वर्ग करता येतो. पोर्टलचा तो गुण आप्पा मान्य करतात. पण वर्ग करायचा तर कुठे गेला हे माहीत हवं, आणि पेशंट मोबाईल नंबर देतो तो मेव्हण्याचा, जो स्वतः दुसऱ्या टोळीत असतो. इथे आप्पांनी आपला प्रश्न थोडासा बदलला : "सही कोणाची ते सोडा. मुकादम कोण?" सरकारी नोंदवहीत मुकादमाचा रकाना नाही. आप्पांनी संस्थेच्या वहीत तो आखला. दिवाळीआधी स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन तेवढंच लिहायचं : पेशंट, मुकादम, मुकादमाचा नंबर, कारखाना. टोळी हलली की आप्पा मुकादमाला फोन लावतात. "रामराम. उचल बुडवायला फोन नाही केला. तुमच्या टोळीत अमुक आहे, त्याची औषधं संपायच्या आत मला पालं कुठं पडलीत तेवढं सांगा. तो पडला तर तुमचा कोयता पडतो." मुकादमाला दयेची भाषा समजते की नाही ठाऊक नाही, कोयत्याची समजते. मग पलीकडच्या तालुक्यातल्या क्षयरोग पर्यवेक्षकाला फोन. तोही कोणा आप्पाच्याच हाताखाली शिकलेला असतो. दोन दिवसांत पाकिटं उसाच्या फडापर्यंत जातात.

पोषणाच्या पैशांचंही तेच. निक्षय पोषण योजनेतून एप्रिल २०१८ पासून टीबीच्या पेशंटला महिन्याला ५०० रुपये, आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये, थेट खात्यात. संस्थांनी आनंदानं पत्रकं छापली. आप्पांनी विचारलं, "खातं चालू आहे का?" बऱ्याच जणांचं नव्हतं. केवायसीवाचून निजलेलं, नाहीतर नाव आधारवर एक आणि पासबुकावर दुसरं. संस्थेच्या स्वयंसेवकांचं मग तेच काम झालं : पेशंटला बँकेत नेणं, किंवा पोस्टमनला गाठून पोस्टाच्या बँकेचं खातं उघडणं. चार भिंतींत बसून गोळी गिळताना पाहण्याच्या जागी दिवसभर बँकेच्या रांगेत उभं राहणं. आरोग्यसेवा म्हणून हे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. माझ्या मते याहून मोठी सेवा सध्या आमच्या तालुक्यात कोणी करत नसेल.

सप्टेंबर २०२२ मध्ये निक्षय मित्र आले. कोणीही पेशंट दत्तक घेऊन त्याला किमान सहा महिने आहाराचा शिधा द्यावा. पुढारी आले, व्यापारी आले, वाढदिवसवाले आले. किटच्या एका पिशवीला पाच जणांचे हात आणि मध्ये पेशंट, असे फोटो झाले. दुसऱ्या महिन्याला पेशंट पिशवीची वाट बघत बसला. आप्पांनी संस्थांसाठी नियम करून टाकला : "फोटो सहाव्या महिन्याला. तेव्हा पेशंटचं वजनही वाढलेलं असतं, फोटोत चांगला दिसतो." निम्मे मित्र गळाले. उरलेल्यांना आप्पा मनापासून मान देतात, तेही पुढारी असले तरी.

मी आप्पांचा चाहता आहे, पण भक्त नाही. त्यांच्यात एक खोट आहे आणि ती लहान नाही. बदल चांगला की वाईट, हे ते कधीच विचारत नाहीत. आलेला बदल हा त्यांच्या लेखी पावसासारखा : कुठून शिरतो ते बघायचं आणि भांडं लावायचं. एखादं उपकेंद्र सहा महिने कर्मचाऱ्याविना राहिलं तर आप्पा संस्थेला तिथली उणीव भरून कशी काढायची हे सांगतील. पद का भरलं नाही, हे विचारायला ते लावणार नाहीत. मोर्चेवाल्या ताई त्यांना एकदा भर चहात म्हणाल्या, "आप्पा, तुमच्यामुळे आमची पोरं सरकारी झाली. जनसुनवाईत बोलायची, आता पोच मागतात." आप्पांना ते लागलं असावं. बशीतला चहा त्यांनी परत कपात ओतला. "ताई, मी मागं उभा राहायचो नं साहेबांच्या," ते म्हणाले, "तेव्हा तुमच्या आवाजाची भीती नव्हती वाटत. तुमच्याकडं एखादा कागद निघाला की वाटायची." ताई म्हणाल्या, कागद आमच्याकडे होता तो आवाजामुळेच. यावर आप्पांनी नवीन चहा सांगितला. हा वाद मिटण्यातला नाही, आणि माझं मत, उगीच लपवत नाही, ताईंच्या बाजूला झुकतं. आप्पांसारखी माणसं तालुक्यात एकच असावी. दोन झाली तर तक्रार करणारं कोणी उरणार नाही.

आणि त्यांच्या मानधनाचा प्रश्न आहेच. संस्थेच्या हिशेबनीस मुलीच्या डोक्याला तो कायमचा ताप. आप्पा मानधन घेतात, थोडकं, रोख. पण व्हाउचरवर सही करत नाहीत. परवाच मार्चअखेरीला तिनं त्यांना गाठलं. व्हाउचर पुढ्यात ठेवलं, त्यांच्याच बॅगेतला रेव्हेन्यू स्टॅम्प ओला करून चिकटवला, स्वतःचं पेन उघडून दिलं.

"आप्पा, इथे सही. ऑडिटर उद्या येतोय."

"कशाबद्दल लिहिलंयस?"

"तज्ज्ञ मार्गदर्शन."

"तज्ज्ञ नको लिहू. तज्ज्ञ म्हटलं की प्रमाणपत्र मागतात. प्रवासखर्च लिही."

"प्रवासखर्चाला तिकीट लागतं. तुमचं अर्धं तिकीट, रक्कम जुळत नाही."

"मग चहापान लिही."

"आठशे रुपयांचा चहा, आप्पा?"

"बैठक मोठी होती म्हणावं." त्यांनी बॅग उचलली. "आणि चहापानाला सही घेणाऱ्याची लागत नसती, देणाऱ्याची लागती. अध्यक्षांची घे. हयात आहेत तोवर."